उजवी पाकळी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या पापणीवर एक गाठ आली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, पण जायचं नाव घेईना. करी रोडला आमच्या नव्या इमारतीखालीच डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे नात मला ओढून घेऊन गेली. डॉक्टरीण तिच्याच वयाची. तिने पापणी उलटी करून पाहिली आणि गरम पाण्याच्या घडीने शेकत जा म्हणाली. नाही बसली तर छेद देऊन काढू, पण आजी, काढल्यावर ती परत त्याच जागी आली तर मात्र तुकडा तपासायला पाठवायचा, आळस करायचा नाही, असंही म्हणाली. मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता तिने विचारलं, "घरात कुणाला असं झालं होतं का?" मी नाही म्हणून मोकळी झाले. खरं सांगत बसले असते तर तिची सकाळ गेली असती, आणि बाहेर माणसं खोळंबली होती. घरी आल्यावर नातीने रुमाल गरम पाण्यात बुडवून, पिळून माझ्या डोळ्यावर ठेवला, आणि मला एकदम लालबागच्या खोलीचा वास आला, कोळशाचा, तिरफळाचा आणि ओल्या पंच्याचा. तो आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्या डॉक्टरीण मुलीला जे सांगितलं नाही ते म्हणून इथे लिहिते.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मला ते आठवतात ते खोकल्याच्या आवाजाने. चेहरा आठवतो तो फोटोतला. ते क्षयाने गेले तेव्हा गावची माणसं आईला म्हणाली, पोरीला घेऊन गावाक चल. आई गेली नाही. गावात दीर-जावांच्या चुलीपाशी उष्टी काढण्यापेक्षा इथे चार माणसांना रांधून घालीन, असं तिने ठरवलं. आमच्या चाळीतच खालच्या मजल्यावर गावच्या मंडळाची खोली होती. बायकामुलं कोकणात ठेवून गिरणीत राबणारे गडी तिथे वळकट्या टाकून राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण हवं होतं आणि आईच्या हाताला चव होती, एवढ्यावर आमची खानावळ उभी राहिली. खोली एकच. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात दोन शेगड्या, मध्ये पाट. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की जिन्यावर चपला वाजायच्या आणि आई तवा चढवायची. उकड्या भाताची वाफ, वाटपाचा वास, बांगड्याच्या तिखल्यात पडलेलं तिरफळ, आणि खाली बसलेल्या माणसांच्या अंगाला येणारा तेलाचा आणि कापसाचा वास. केसांत कापूस घेऊन आलेली ती माणसं म्हातारी झाल्यासारखी दिसायची. सोमवारी मासळी नसायची, त्या दिवशी सगळे सुतकात बसल्यासारखे मुकाट जेवायचे.

या मंडळींत बाबलमामा आमचा हक्काचा. आईच्या चुलत्याचा मुलगा, तिच्याहून धाकटा, तिला आक्का म्हणायचा. निजायला गावच्या खोलीत, पण बाकी सगळा वेळ आमच्याकडे. अंगाने काटकुळा, तोंडाचा पट्टा सतत चालू. गिरणीच्या गेटावर कोण काय बोललं, सभेला किती माणूस होतं, कुणाचं भाषण कसं तडाखेबंद झालं, हे सगळं आम्हाला त्याच्याकडून कळायचं, आणि त्यातलं निम्मं त्याचं स्वतःचं असायचं. पण त्याची एक खोड होती. वाईट बातमी त्याच्या तोंडून निघायची नाही. वडील इस्पितळात वारले तेव्हा तोच त्यांच्याजवळ होता. घरी आला, आईने विचारलं, कसे आसत? तर म्हणाला, "आता निजले आसत." आईने त्यांच्यासाठी पेज टाकली. ती शिजून तयार झाल्यावर मागून दुसरी माणसं सांगत आली. आई हे कधी विसरली नाही, आणि तिने त्याबद्दल त्याला कधी एक शब्द विचारलाही नाही.

दिवाळी उलटली आणि आईच्या उजव्या पापणीच्या कडेला मोहरीएवढा दाणा आला. रांजणवाडी म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. खानावळीत एकाला काही झालं की सगळ्यांचे वैद्य होतात. एकाने सांगितलं, बोट तळव्यावर घास आणि गरम गरम लाव. दुसऱ्याने चिंचोका उगाळायला सांगितला, तिसऱ्याने लवंग. आईने सगळं केलं, कारण लावणं सोपं आणि नाही म्हणणं कठीण. लवंगेने तर डोळा असा झोंबला की त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही, आणि माणसं न बोलता जेवून गेली. शेकायचं काम माझं. पाळीची माणसं उठली, भांडी झाली, की आई भिंतीला टेकून बसायची. मी वडिलांच्या जुन्या पंच्याची घडी करायची, तव्याच्या कडेवर गरम करायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग तिच्या डोळ्यावर ठेवायची. दिवसभरात ती तेवढाच वेळ बसलेली असायची. घडी निवली तरी ती "ऱ्हवांदे गो बाय" म्हणायची, आणि मी ठेवून द्यायची. त्या वेळेला मला तो दाणा जावा असं फारसं वाटायचं नाही, हेही सांगून टाकते.

दाण्याची तूर झाली, तुरीचा वाटाणा झाला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तो कापून काढला. डोळ्यावर पट्टी बांधून आईने त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापल्या. पापणी छान सपाट झाली आणि बाबलमामाने, "आक्का, आता तुका नवरो बघूक हरकत नाय," म्हणून तिच्या हातचा कालथा पाठीत खाल्ला. संक्रांत गेली नाही तोच त्याच जागी पुन्हा तसाच कठीण दाणा. डॉक्टरांनी पुन्हा कापला. तो पुन्हा आला. तेव्हा त्यांनीच चिठ्ठी देऊन परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई मला अजून दिसतात. पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी आईची पापणी बराच वेळ पाहिली, मग कानापुढे बोटांनी चाचपून पाहिलं.

"कितीदा कापली म्हणता?"

"दोनदा," मी म्हटलं. आई अशा ठिकाणी गप्प बसायची.

"आणि तुकडा तपासला होता?"

तुकडा तपासतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. बाई आईकडे वळल्या. "हे बघा, साधी गाठ एकदा काढली की सहसा पुन्हा पुन्हा येत नाही. ही येते आहे. आपण ती मुळापासून काढू, तपासू. थोडी पापणी जाईल, पण डोळा राहील. उशीर केलात तर मी डोळ्याची खात्री देणार नाही. पुढच्या आठवड्यात या."

आईने मान हलवली. घरी येऊन तिने पाटा ओढला आणि वाटप वाटायला घेतलं. मग म्हणाली, "शिमगो इलो. बाबल गावाक जातलो. देवाक इचारूया, मगे काय तां."

हे आजच्या मुलांना समजावणं कठीण आहे. आमच्याकडे जमीन घ्यायची असो, विहीर खणायची असो, लेक द्यायची असो, रवळनाथाला विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. मुंबईला आलो म्हणून देव बदलत नाही. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्याला कौल लावणं म्हणतात. आई कुणाला घाबरत नसे. पोलिसाला नाही, मारवाड्याला नाही, दारू पिऊन आलेल्या गड्याला तर कालथा दाखवायची. पण मोठ्या इस्पितळात गेलेलं तिचं माणूस परत आलं नव्हतं, आणि त्या सुरीपुढे जायला तिला कुणीतरी मोठ्याने 'जा' म्हणायला हवं होतं. बाबलमामाजवळ तिने नारळ दिला, खडीसाखर दिली, आणि शब्द पक्के पाठ करून घेतले. "डोळो कापूक देवूया काय नको, इतक्याच इचार. जास्ती बोला नको."

तो भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेला. आम्ही इकडे वाट बघत बसलो. शेकणं चालूच होतं. शिमगा आटपून तो आला तो कोकमं, फणसाचे सुके गरे आणि देवाचा अंगारा घेऊन. पाय धुतले, पाटावर बसला, आणि ताटाकडे बघत म्हणाला, "देवान डावी दिल्यान, आक्का. कापूक नको म्हणता. आपसूक बरां होतलां."

आईचा चेहरा असा सैलावला की बघत राहावं. तिने अंगारा डोळ्याला लावला आणि त्याच्या ताटात मासळीचा मधला तुकडा टाकला. मी म्हटलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या उशीर करू नका. आई म्हणाली, "डॉक्टर मोठो की देव मोठो?" मी तेव्हा सातवीत होते आणि त्या प्रश्नाचं उत्तर अजूनही मला कुणी विचारू नये.

पुढचे महिने संयुक्त महाराष्ट्राचे होते. त्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत, मी आपली शेगडीपाशी बसून जे बघितलं ते सांगते. माणसं वेळी-अवेळी जेवायला यायची. कधी संप म्हणून सकाळीच सगळे घरी, कधी सभेला गेले म्हणून भाताचं पातेलं तसंच. भिंतींवर गेरूने घोषणा रंगल्या होत्या, पोरं खेळताना त्याच ओरडायची. संचारबंदी लागली की कोळसेवाला यायचा नाही आणि वरळीची कोळीण मासळी घेऊन पोचायची नाही, मग सुकटीवर आणि कुळथाच्या पिठीवर दिवस जायचे. आई कुणाला उपाशी ठेवत नव्हती. "मुंबय तुमका गावली की फेडा," म्हणायची आणि वाढायची. आणि तिच्या पापणीवरची गाठ कुणालाही न विचारता वाढत होती. आता ती वाटाण्यासारखी गोलही राहिली नव्हती. कड जाड झाली, पिवळट पडली, आणि तिथले केस एकेक करून गळले. डोळा लाल राहायला लागला. शेक देताना मला ती जागा पंच्याखाली कळायची, आणि मी घडी हलक्या हाताने ठेवायला शिकले. "उतारलां काय गो?" आई विचारायची. मी म्हणायची, थोडंसं. देव म्हणालाय तर बरं होणारच, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगत होतो.

बाबलमामा या दिवसांत बदलला. तोंडाचा पट्टा बंद झाला. जेवताना तो आईच्या समोर बसायचा, तो आता भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मोर्चात मात्र सगळ्यांच्या पुढे. भित्रा माणूस एवढा धीट कसा झाला म्हणून खोलीतले गडी त्याची चेष्टा करायचे. एकदा त्याने आईला नुसतंच म्हटलं, "आक्का, एकदा त्या डॉक्टरणीक दाखव मां." आई म्हणाली, "देव नको म्हणालो ना?" त्यावर तो उठून हात धुवायला गेला.

मग तो धुराचा दिवस आला. गिरण्या बंद होत्या. सकाळपासून रस्त्यावर गर्दी, घोषणा, मग धावाधाव, मग दूरवर फटाके फुटावेत तसे आवाज. ते फटाके नव्हते. आमच्या चाळीच्या तोंडाशीच पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली आणि तो धूर जिन्यातून असा वर आला, जसा काही त्याला पत्ता दिला होता. बायकांनी गॅलरीतून ओली फडकी आणि फोडलेले कांदे खाली टाकले. ज्याला जे दार उघडं दिसलं त्यात तो शिरला. आमच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सगळेच रडत होते, म्हणजे डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाकं वाहत होती, आणि त्यातही कुणीतरी हसत होतं. आई शेगडीजवळ उभी राहून पदराने डोळे पुसत होती. बाबलमामा धडपडत आत आला, शर्ट फाटलेला, डोळे लालबुंद. त्याने आईकडे पाहिलं. तिच्या पदराला रक्त लागलं होतं. उजव्या डोळ्यातून पाणी नव्हतं गळत, रक्ताचा ओघळ येत होता आणि तिला ते कळलंही नव्हतं.

तो उंबऱ्यातच बसला. मला आधी वाटलं त्याला लागलं आहे.

"आक्का," तो म्हणाला, "मी कौल लावूक नाय."

आईला ऐकू गेलं नसावं. तिने पदर पुन्हा डोळ्याला लावला.

"मी देवळात जावकच नाय, आक्का. दार बंद होतां."

मग ते सगळं बाहेर पडलं. त्या शिमग्याला गावात मानावरून भांडण झालं होतं. पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, वरच्या वाडीने की खालच्या, यावरून डोकी फुटायची वेळ आली. शेवटी मानकऱ्यांनी देवळाला कुलूप घातलं आणि भांडण मिटेपर्यंत देवाला कुणी काही विचारायचं नाही असं ठरलं. बाबलमामा नारळ घेऊन दारापर्यंत गेला आणि तो नारळ बाहेरच्या पायरीवर ठेवून परत आला; अंगारा आणला तो घरातल्या उदबत्तीचा. देवाने दार लावून घेतलं हे आक्काला सांगितलं तर ती अपशकून म्हणून हाय खाईल, असं त्याच्या मनाने घेतलं. सुरीला तर ती घाबरतेच. मग बोटीवर बसून त्याने ठरवलं की तिला जे हवं आहे ते सांगू. नुसती गाठ तर आहे, जाईल. "तुका भेव वाटात म्हणान," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तुका भेव वाटात म्हणान."

कुणीतरी खोकत होतं. मी बाबलमामाला मारायला धावले, हे मला आठवतं, आणि कुणीतरी मला मागून धरलं. आई त्याच्याजवळ गेली. मला वाटलं ती आता त्याला कालथ्याने फोडणार. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणजे देवान नाय सांगलेलां?"

"नाय."

"मगे बरां झालां," आई म्हणाली. "माणूस चुकलो तर चलता. देव चुकलो असतो, तर मगे गाऱ्हाणां कोणाक घालूचां?"

आणि ती पिठात पाणी घालायला वळली, कारण धुरात अडकलेली ती सगळी माणसं उपाशी होती. त्या दिवशी आमच्याकडे कोण कोण जेवून गेलं ते मला माहीत नाही. सगळ्यांचे डोळे सारखेच लाल होते, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते कळत नव्हतं.

संचारबंदी उठल्यावर आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडा काढून तपासला आणि मामाला बाहेर बोलावून सांगितलं. तो आत आला तेव्हा मी त्याचा चेहरा बघत होते. निजले आसत म्हणणारा माणूस आता काय सांगतो ते मला बघायचं होतं. तो आईसमोर सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, क्यानसर आसा. डोळो काढूक होयो." आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाईट बातमी आहे तशी सांगितली, आणि ती सांगण्यात कितीतरी महिन्यांचा उशीर झाला होता.

डोळा काढला. पापणीसकट. आई घरी आली तेव्हा उजव्या बाजूला पांढऱ्या कापसाची मोठी घडी होती, आणि पुढे ती तिथे पदर ओढून घ्यायला शिकली. एका डोळ्याने रांधणं सोपं नसतं. ती फोडणी कढईच्या बाहेर टाकायची, विळीवर बोटं कापून घ्यायची. गड्यांनी आपापली ताटं स्वतः वाढून घ्यायला सुरुवात केली आणि खारट झालेली आमटीही भुरकून प्यायली. बाबलमामा आता तिच्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे त्याचं तोंड तिला दिसू नये. ती मान न वळवता हात लांब करून बरोबर त्याच्या ताटात मासळी टाकायची. मला मात्र त्याच्याशी बोलवत नव्हतं.

शिमगा पुन्हा आला. मधल्या काळात गावातलं भांडण मिटलं होतं, देऊळ उघडलं होतं. आईच्या कानापुढे एक नवी गाठ हाताला लागायला लागली होती. इस्पितळात तिला लाइट, म्हणजे किरणं द्यायला नेत होते, त्याने गाल भाजल्यासारखा व्हायचा. तिने बाबलमामाला पुन्हा नारळ दिला आणि या खेपेला मलाही बरोबर दिलं. "चेडू बघांदे," पोरीला बघू दे, एवढंच म्हणाली. त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. पण मामाला ते लागलं, आणि त्याने खाली मान घालून नारळ घेतला.

गावच्या देवळाचा गाभारा मला अंधारा आणि गार आठवतो. तेलाचा आणि कुजल्या फुलांचा वास. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, मुंबयची तुझी लेक, तिका ह्या दुखण्यातसून उठवतलंस काय?" आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. त्याने लाल पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाला लावल्या. बाबलमामा हात जोडून डोळे मिटून उभा होता, ओठ हलत होते. मी डोळे मिटले नाहीत. आई म्हणाली होती बघ, म्हणून मी बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग उजवीकडची पाकळी हळूच सरकली आणि खाली पडली. गुरव म्हणाला, "दिल्यान." मामाने मला उचललं. एवढी मोठी मुलगी मी, त्याने मला उचललं आणि ढसाढसा रडला. त्या क्षणी मी त्याला सगळं माफ केलं.

आईला ती पाकळी आम्ही कागदात बांधून नेऊन दिली. तिने ती कुंकवाच्या डबीत ठेवली. त्या आठवड्यात ती दोनदा पोटभर जेवली, कधी नव्हे ते गुणगुणली, आणि माझ्या पुढच्या शाळेचं बोलायला लागली. आम्हाला वाटलं, चला, आलं गाडं रुळावर. मग मानेवर गाठी आल्या. पावसाळा लागला तसं तिला गिळवेना. खानावळ बंद झाली, तरी गडी आळीपाळीने येऊन बसायचे, कुणी पेज करायचं, कुणी पाणी भरायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता घरीच ठेवा.

तो दुपारचा वेळ होता. गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते आणि खाली पोरं विटीदांडू खेळत होती. आई सकाळपासून कुंकवाची डबी हातात घेऊन पडली होती. उघडायची, बघायची, मिटायची. ती दुखण्याने कण्हत नव्हती. तिला दुसरंच काहीतरी छळत होतं, आणि ते काय ते मला कळत होतं. शेवटी तिने हाताने बाबलमामाला जवळ बोलावलं. खोलीतले दोघे-तिघे गडी आणि मी, सगळे तिथेच होतो.

"बाबल," तिचा आवाज आता नुसता वारा राहिला होता, "देव होय म्हणालो होतो मां?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. अगदी एकदाच. मग तो तिच्या दिसत्या डोळ्यासमोर जाऊन बसला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"नाय गो, आक्का," तो म्हणाला. "मी गुरवाक सांगान उजवी पाडूक लायलंय. देवाक इचारूकच नाय. परत खोटां बोललंय."

"परत?"

"परत."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाची कड थोडी हलली. "मेल्या," ती म्हणाली. पूर्वी कालथा मारताना म्हणायची तसंच. तिने डबी त्याच्या हातात दिली, मला म्हणाली माका भिंतीकडे वळव. भिंतीवर रवळनाथाचा फोटो होता. ती त्याच्याकडे बघून पुटपुटायला लागली आणि ते गाऱ्हाणं होतं, माझ्यासाठी घातलेलं, मला त्यातलं माझं नाव ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मी गाभाऱ्यात डोळे उघडे ठेवून उभी होते. गुरवाशी मामाचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं, गाभाऱ्यात शिरेपर्यंत माझा हात त्याच्या हातात होता. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि बोलले नाही याचं मला आजवर कधी वाईट वाटलेलं नाही. खोलीतल्या गड्यांनी मात्र ते ऐकलं होतं. मरणाऱ्या बहिणीला दोनदा फसवणारा म्हणून त्यांनी त्याच्या पंगतीला बसायचं सोडलं. त्याचं नाव 'खोटो बाबल' पडलं ते शेवटपर्यंत. गावच्या गुरवाला खरं ठाऊक होतं, पण गुरव कशाला बोलेल? देवाची अब्रू ती त्याची अब्रू. मला मामाने वाढवलं, शिकवलं, माझं लग्न करून दिलं. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या रात्री सगळ्या लालबागभर दिवे लागले होते; आम्ही दोघं दार लावून आत बसलो होतो. त्या दुपारबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही आणि मीही त्याला कधी विचारलं नाही.

माझी गाठ शेकून शेकून बसली. डॉक्टरीण म्हणाली, आजी, छान झालं. दर शिमग्याला मी अजून गावी जाते, आता नातू गाडीने नेतो. देवळात नारळ ठेवते. गुरवाचा नातू विचारतो, काकी, कौल लावूचो हा काय? मी नको म्हणते आणि हात जोडते. कुणाला जोडते ते त्याने विचारू नये.